न फिटणारी उचल

१२ एप्रिल २०२३ ला टोकियोत दोन गोष्टी घडल्या. मारुनोउची भागातल्या परदेशी वार्ताहरांच्या क्लबात काउआन ओकामोतो हा सव्वीस वर्षांचा गायक माइकसमोर येऊन बसला. पंधराव्या वर्षी तो 'जॉनीज' या जपानमधल्या बलाढ्य कलाकार-संस्थेत शिकाऊ म्हणून दाखल झाला होता. संस्थेचे संस्थापक जॉनी कितागावा यांनी त्या वयात आपल्यावर वारंवार लैंगिक अत्याचार केले, असं त्यानं तोंड न झाकता, नाव न बदलता सांगितलं. त्याच रात्री 'ओशी नो को' या ॲनिमे मालिकेचा दीड तासाचा पहिला भाग लागला. त्यात आय होशिनो ही वीस वर्षांची लाडकी गायिका, टोकियो डोममधल्या आपल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी, स्वतःच्या घराच्या दारातच एका चाहत्याच्या हातून मारली जाते.

ओकामोतोची बातमी एनएचकेनं दुसऱ्या दिवशी दिली. खासगी वाहिन्या कितीतरी दिवस बहुतांशी गप्पच राहिल्या. आय होशिनोच्या मरणानं मात्र त्याच आठवड्यात तरुण जपान हेलावून गेलं. मालिकेचं 'आयडॉल' हे शीर्षकगीत दोन महिन्यांत अमेरिकेबाहेरच्या जागतिक यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. जपानी भाषेतल्या गाण्याला तोवर हा मान मिळाला नव्हता. मनोरंजनाच्या धंद्यातला एकच अंधार एकाच दिवशी दोन दारांनी आला. कथा होऊन आला तेव्हा लोकांनी त्याला कवटाळलं, साक्ष होऊन आला तेव्हा त्याला ताटकळत ठेवलं. असं का होतं हे मला मालिका पाहून संपल्यावरही सुटेना, आणि उत्तर शोधायला तीनशेहून अधिक वर्षं मागं जावं लागलं.

आधी मालिकेविषयी. अकासाका आका यांची कथा आणि योकोयारी मेंगो यांची चित्रं असलेली मूळ मांगा, म्हणजे चित्रकथा, एप्रिल २०२० मध्ये साप्ताहिकातून सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. तिच्यावरची हाडामांसाच्या नटांची आठ भागांची मालिका त्याच नोव्हेंबरच्या २८ तारखेला प्राइम व्हिडिओवर आली, आणि शेवट सांगणारा चित्रपट २० डिसेंबरला जपानच्या चित्रपटगृहांत लागला. 'ओशी' म्हणजे ज्याच्यावर आपण जीव टाकतो, ज्याला पुढं आणण्यासाठी पदरचे पैसे मोडतो तो लाडका कलाकार. 'ओशी नो को' म्हणजे त्या लाडकीचं लेकरू. सोळाव्या वर्षी गुपचूप आई झालेल्या आयची जुळी मुलं मोठी होऊन त्याच धंद्यात उतरतात. मुलाला आईच्या खुनामागचा माणूस शोधायचा असतो, मुलीला आईसारखं व्हायचं असतं.

नटांच्या मालिकेत आयची भूमिका असुका साइतो यांनी केली. त्या स्वतः अकरा वर्षं 'नोगीझाका ४६' या गायिका-संघात होत्या, आणि मे २०२३ मध्ये त्यांच्या निरोपाचा कार्यक्रम झाला तो टोकियो डोममध्ये. जिथं आय कधीच पोहोचत नाही, तिथं तिची भूमिका करणारी पोहोचलेली आहे. हे ठाऊक असलं की पडद्यावरचं तिचं हसू बघवत नाही. ओठ हसतात, डोळे प्रकाश कुठून येतोय ते मोजत असतात. हे अभिनयाच्या शाळेत शिकवून येणारं नाही. ते किशोरवयापासून रोज करत आलेल्या माणसालाच येतं.

मालिकेतला सगळ्यात खरा भाग खुनाचा नाही. तो आकाने या अबोल, मेहनती मुलीचा आहे. प्रेमसंबंध जुळवणाऱ्या एका 'रिॲलिटी' कार्यक्रमात ती मागं पडत असते. काहीतरी ठळक करून दाखव, असा वरून दबाव असतो. त्या भरात तिच्या नखानं सहकलाकाराच्या गालावर ओरखडा उमटतो. दोघी तिथंच एकमेकींच्या गळ्यात पडून मिटवून घेतात. पण प्रसारित होतो तो ओरखडाच. मग फोनवर शिव्यांचा पाऊस सुरू होतो.

हे पाहताना कोणत्याही जपानी माणसाला हाना किमुरा आठवल्याशिवाय राहत नाही. बावीस वर्षांची ही कुस्तीगीर मुलगी 'टेरेस हाउस' या कार्यक्रमात होती. तिचा आखाड्यातला पोशाख घरातल्या एका मुलाकडून धुण्या-वाळवण्यात आटला, ती संतापली, तिनं त्याच्या डोक्यावरची टोपी उडवली. एवढंच. तो भाग आधी इंटरनेटवर आणि पुढं फुजी टीव्हीवर गेला, आणि २३ मे २०२० ला हानानं स्वतःला संपवलं. तिला छळणाऱ्यांवर अपमानाच्या कायद्याखाली कारवाई झाली तेव्हा ठोठावलेला दंड होता ९,००० येन. तिच्या आईनं, क्योको किमुरा यांनी, सह्या गोळा केल्या, संसदेचे उंबरे झिजवले. जुलै २०२२ पासून त्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा ३ लाख येनपर्यंत दंड लागू झाला. आणि 'ओशी नो को'मधला तो प्रसंग प्रसारित झाला तेव्हा याच आईनं जाहीरपणे खंत व्यक्त केली. आपल्या घरातल्या मरणाची करमणूक होते आहे, हे तिला दिसत होतं.

मालिका मला आवडली, तरी या आईचं म्हणणं मला बाजूला सारता येत नाही. कारण ते नवं नाही.

१७०३ मध्ये ओसाकातल्या सोनेझाकी देवळाच्या राईत ओहात्सु ही वेश्यावस्तीतली मुलगी आणि तोकुबेइ हा दुकानातला नोकर या दोघांनी एकत्र जीव दिला. महिन्याभरात चिकामात्सु मोन्झाएमोन यांनी त्यावर बाहुलीनाट्य लिहिलं आणि ते दोतोनबोरीच्या ताकेमोतो नाट्यगृहात लागलंही. कर्जात बुडालेलं ते नाट्यगृह या एका नाटकानं वर आलं. 'सोनेझाकी शिंजू' ही जपानी साहित्यातली थोर कलाकृती आहे, यात वाद नाही. पण ओहात्सुसारख्या मुली ज्या करारानं विकल्या जात, तो करार नाटकानंतरही तसाच राहिला. प्रेक्षक रडले, नाट्यगृहाचं कर्ज फिटलं, मुलींचं फिटलं नाही. पुढं १७२३ मध्ये शोगुनच्या सरकारनं अशा नाटकांवर बंदी घातली. विक्रीवर घातली नाही, नाटकांवर घातली.

तो करार काय होता हे नीट समजून घेतल्याशिवाय आजचा अंधार कळत नाही. घरची गरिबी. आठ-दहा वर्षांची मुलगी. दलाल येतो, बापाच्या हातावर एकरकमी पैसे ठेवतो. जपानीत त्या पैशाला 'झेन्शाक्किन' म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: उचल. ऊसतोडीच्या टोळीतल्या किंवा तमाशाच्या फडातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. मुलीनं ठरलेली वर्षं काम करून ही उचल फेडायची. पण तिचे कपडे, तिचं जेवण, नाच-गाण्याच्या गुरूची फी, आजारपणातला वैद्य, सगळं त्याच खात्यावर चढत जायचं. फेडता फेडता रक्कम वाढायची. आणि दारातून आत आली की पहिल्यांदा जायचं ते तिचं नाव. 'गेन्जी मोनोगातारी' या जुन्या महाकादंबरीवरून ठेवलेलं गोड, खोटं नाव तिला मिळायचं. अशा धंद्यातल्या नावाला आजही जपानीत 'गेन्जीना' म्हणतात.

ही साखळी जपानला पहिल्यांदा उघड्यावर दिसली ती एका परक्या जहाजामुळे. १८७२ मध्ये 'मारिया लूझ' हे पेरूचं जहाज योकोहामाला लागलं. आत दोनशेहून अधिक चिनी मजूर कोंडलेले होते. जपानी न्यायालयानं त्यांना सोडवलं. त्या खटल्यात जहाजाच्या बाजूच्या वकिलानं एकच प्रश्न विचारला: तुमच्या देशात मुली याच प्रकारच्या करारानं विकल्या जातात, मग आमच्यावर कसला आरोप? सरकारची पंचाईत झाली, आणि त्याच वर्षी वेश्या व गेइशा यांच्या मुक्तीचा हुकूम निघाला. त्यातली कारणमीमांसा वाचली की अंगावर काटा येतो. या स्त्रियांचे माणूस म्हणून असलेले हक्क गेलेले आहेत, त्या गाई-घोड्यांसारख्या आहेत. गाई-घोड्यांकडून कोणी कर्ज वसूल करत नाही, तेव्हा त्यांच्याकडूनही करू नये! मुक्ती मिळाली ती जनावर ठरवून. आणि ती टिकलीही नाही. घरांवरच्या पाट्या बदलल्या, 'भाड्याच्या खोल्या' झाल्या, मुली 'स्वखुशीनं' राहतात असं लिहिलं गेलं. उचल चालूच राहिली. अशा करारातली उचल मुळातच बेकायदा आहे, असं जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं ते ७ ऑक्टोबर १९५५ ला, सोळा वर्षंही पूर्ण न झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात. हुकूम आणि निकाल यांच्यामध्ये त्र्याऐंशी वर्षं गेली.

आता कोणी म्हणेल, वेश्यावस्ती आणि चित्रपट-दूरदर्शन यांची तुलना कशी करता? मी दोन्ही सारखे मानत नाही. पण माणसाला बांधून ठेवण्याची रीत एका धंद्यातून दुसऱ्यात कशी उतरते, ते पाहण्यासारखं आहे. त्या निकालाच्या दोन वर्षं आधी, सप्टेंबर १९५३ मध्ये, शोचिकु, तोहो, दाइएइ, शिनतोहो आणि तोएइ या पाच चित्रपट कंपन्यांनी आपसात करार केला. एकमेकांचे नट कोणी घ्यायचे नाहीत. जो कंपनीशी भांडून बाहेर पडेल त्याला कोणीच काम द्यायचं नाही. फुजिको यामामोतो ही त्या काळातली सौंदर्याचा मानदंड ठरलेली नटी. १९५० मध्ये ती पहिली 'मिस निप्पॉन' झाली होती. १९६३ मध्ये तिनं दाइएइकडे कराराच्या अटी बदलून मागितल्या, आणि कंपनीचे प्रमुख मासाइची नागाता यांनी तिला बाहेर काढलं. सगळ्या कंपन्यांची दारं एकदम लागली. त्यानंतर ती कधीही चित्रपटात दिसली नाही. रंगभूमीवर आणि छोट्या पडद्यावर तिनं उरलेली कारकीर्द काढली. पाच कंपन्यांमधली ती तोएइ आजही जोरात आहे. 'ओशी नो को'चा चित्रपट तिनंच वितरित केला.

चित्रपटवाल्यांनी आपले नट दूरदर्शनला देणं टाळलं, तेव्हा दूरदर्शनला माणसं पुरवणारे नवे मालक उभे राहिले. त्यांना 'जिमुशो' म्हणतात. शब्दाचा अर्थ साधा आहे: कचेरी. पण जपानी कलाकाराच्या तोंडी 'माझं जिमुशो' हे शब्द सासर-माहेर दोन्ही मिळून होतील एवढ्या वजनाचे असतात. वातानाबे प्रॉडक्शन १९५५ मध्ये निघालं, होरी प्रॉडक्शन १९६० मध्ये, जॉनीज १९६२ मध्ये. जिमुशो मुलांना लहानपणी घेतं, राहायला जागा देतं, नाच-गाणं शिकवतं, काम मिळवून देतं, महिन्याचा पगार देतं. बदल्यात तुमचं वेळापत्रक, तुमचा चेहरा, बहुतेक वेळा तुमचं नावही त्याचं. कागदावर कर्ज नसतं. पण 'आम्ही तुझ्यावर एवढा खर्च केला' हे वाक्य असतं, आणि ते कुठल्याही वहीत मांडलेलं नसल्यामुळे कधीच फिटत नाही.

हा व्यवहार जपाननं बंद दाराआड केला नाही, रविवारी सकाळी घराघरांत दाखवला. १९७१ ते १९८३ या काळात निप्पॉन टेलिव्हिजनवर 'स्टार तांजो!' म्हणजे 'तारा जन्मला!' हा कार्यक्रम लागायचा. अंतिम फेरीत मुलगी गाणं संपवून मंचावर उभी राहते. समोर जिमुशोंची आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांची माणसं ओळीनं बसलेली असतात. निवेदक विचारतो, कोणाला हवी? आणि ती माणसं आपापल्या कंपनीच्या नावाची पाटी हातात धरून वर करतात. मुलगी पाट्या मोजते. एकही वर झाली नाही तर ती तशीच वाकून नमस्कार करते आणि निघते. त्या पाट्यांसमोर १९७२ च्या अखेरीस उभी होती तेरा वर्षांची मोमोए यामागुची. चौदाव्या वर्षी तिचं पहिलं गाणं आलं आणि पाठोपाठ वयाला न शोभणाऱ्या, सूचक ओळींची गाणी तिच्या तोंडी दिली गेली. देशानं ती गुणगुणली. एकविसाव्या वर्षी, ५ ऑक्टोबर १९८० ला, निप्पॉन बुदोकानच्या मंचावर शेवटचं गाणं संपवून तिनं पांढरा माइक खाली जमिनीवर ठेवला आणि चालती झाली. पुन्हा आली नाही. जपान त्या क्षणाला आजही एक सुंदर निरोप म्हणून आठवतं. मला तो, ज्या एकाच दारातून बाहेर पडता येत होतं त्या दारातून मुलीनं काढलेली वाट वाटतो.

दोन हजारच्या दशकात उचलीचा एक वाटा चाहत्यावर आला. 'एकेबी ४८' या २००५ मध्ये सुरू झालेल्या संघात गायिकेशी काही सेकंद हात मिळवायचा तर सीडी घ्यायची, तिला पुढच्या रांगेत आणायचं तर मतपत्रिका असलेल्या आणखी सीडी घ्यायच्या. ज्यानं पेटीभर सीडी विकत घेतल्या, त्याला ती मुलगी थोडी आपलीच वाटणार. मग तिनं कोणावर प्रेम करायचं नाही, हा नियमही ओघानं आला. ३१ जानेवारी २०१३ ला त्या संघातली मिनामी मिनेगिशी ही वीस वर्षांची मुलगी डोक्याचं मुंडण करून, रडत, कॅमेऱ्यासमोर माफी मागत होती. तिचा गुन्हा एका तरुणाच्या घरून सकाळी बाहेर पडताना छायाचित्रात सापडणं, एवढाच. ते दृश्य संघाच्या अधिकृत चॅनेलवर ठेवलं गेलं होतं. आय होशिनोनं मुलं लपवली याचं आश्चर्य कोणा जपानी प्रेक्षकाला वाटलं नाही, ते यामुळे.

धंद्यातल्या लोकांचा एक शब्द मला फार बोलका वाटतो: 'होसारेरु'. वाळत घातलं जाणं. मासा किंवा कपडा वाळत घालतात तसा कलाकार वाळत घातला जातो. कोणी त्याला काढून टाकत नाही. फक्त फोन येणं बंद होतं. असाच दुसरा शब्द 'सोन्ताकु': समोरच्यानं तोंडानं काही न सांगताच त्याची मर्जी ओळखून वागणं. दूरदर्शनच्या निर्मात्याला जिमुशोकडून धमकी यायची गरजच पडत नाही. कोणाला घेतलं तर कोण नाराज होईल, हे तो घरूनच ठरवून येतो. रेना नोनेन या मुलीनं २०१३ मध्ये 'आमाचान' या एनएचकेच्या मालिकेत पाणबुड्या बायकांच्या गावातल्या नातीचं काम केलं आणि ती सगळ्या जपानची लाडकी झाली. पुढं जिमुशोशी बिनसलं. नाव कोणाचं, असा वाद निघाला. जुलै २०१६ पासून ती 'नोन' या नावानं काम करू लागली. गेलेलं ते नाव रंगमंचासाठी घेतलेलं नव्हतं. आईबापांनी ठेवलेलं, जन्मदाखल्यावरचं होतं. मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे' या ॲनिमे चित्रपटात म्हातारी मालकीण मुलीच्या नावातली अक्षरं काढून घेते, ती परीकथा म्हणून आपण पाहिली होती.

त्याच वर्षी, १८ जानेवारी २०१६ ला, फुजी टीव्हीवर 'स्मॅप' या पंचवीस वर्षं गाजलेल्या संघाचे पाच जण थेट प्रसारणात उभे राहिले. त्यांच्यातल्या काहींनी जॉनीज सोडायचं मनात आणलं होतं, अशा बातम्या आठवडाभर येत होत्या. काळे सूट, काळे टाय, मागं पडदा. चाळिशीच्या आसपासचे पाच पुरुष एका ओळीत, मधोमध ताकुया किमुरा. एकेक जण माफी मागतो. त्सुयोशी कुसानागी सांगतो की किमुरानं आम्हाला जॉनी-सान यांची माफी मागायची संधी मिळवून दिली. मग पाचही जण वाकतात. कशाबद्दल माफी, हे कोणी सांगत नाही. मी हे चित्रण अनेकदा पाहिलं आहे. दर वेळी नजर कुसानागीच्या खांद्यांवर जाते. ते सूटच्या आत मिटून गेलेले दिसतात. स्मॅप त्या वर्षअखेरीस विसर्जित झाला. संस्था सोडणारे तिघं हळूहळू वाहिन्यांवरून दिसेनासे झाले. २०१९ मध्ये जपानच्या स्पर्धा आयोगानं जॉनीजला या बाबतीत ताकीद दिली. दबाव आणल्याचा आरोप संस्थेनं नाकारला.

आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट? ती कोणापासूनच लपलेली नव्हती. कितागावांबद्दलची कुजबुज १९६० च्या दशकातच छापून आली होती. १९८८ मध्ये त्यांच्याच एका माजी गायकानं पुस्तक लिहिलं. १९९९ मध्ये 'शुकान बुनशुन' या साप्ताहिकानं लेखमाला चालवली. जॉनीजनं बदनामीचा खटला भरला. जुलै २००३ मध्ये टोकियो उच्च न्यायालयानं म्हटलं की अत्याचाराबद्दलचा मजकूर त्याच्या मुख्य भागात खरा आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संस्थेचं अपील फेटाळलं. देशातल्या सर्वोच्च न्यायालयात हे ठरलं, आणि वाहिन्यांनी मुलं मागवण्यासाठी दुसऱ्या दिवशीही त्याच कचेरीत फोन लावला. कायद्याचीही साथ होती: १९०७ च्या दंडसंहितेत बलात्कार हा फक्त स्त्रीवरच होऊ शकत होता. पुरुष त्याचा बळी ठरू शकतो, हे जपानच्या कायद्यानं मान्य केलं २०१७ मध्ये, आणि संमतीचं वय तेरावरून सोळा केलं ते २०२३ मध्ये.

जॉनी कितागावा ९ जुलै २०१९ ला सत्त्याऐंशीव्या वर्षी वारले. दोन महिन्यांनी त्यांच्या निरोपाचा सोहळा झाला. जागा, टोकियो डोम. पंतप्रधान आबे यांचा शोकसंदेश तिथं वाचून दाखवला गेला. आय होशिनोला ज्या मंचावर पोहोचता आलं नाही, त्याच मंचावर त्या माणसाला देशानं निरोप दिला.

म्हणूनच 'ओशी नो को'चा शेवट मला खटकतो. सगळ्या अंधारामागं एक देखणा, विकृत माणूस निघतो. मुलगा त्याला गाठतो, हिशेब चुकता होतो. प्रेक्षकाला यात केवढा दिलासा आहे! ऑगस्ट २०२३ मध्ये जॉनीजनंच नेमलेल्या चौकशी समितीनं अहवाल दिला. समितीचे प्रमुख जपानचे माजी सर्वोच्च सरकारी वकील होते. अहवालात कितागावांबद्दल लिहिलं होतंच: १९५० च्या दशकापासून २०१० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अत्याचार, बळी निदान काहीशे. पण त्याच अहवालानं दुसरंही एक कारण नाव घेऊन नोंदवलं: प्रसारमाध्यमांचं मौन. हे मौन कोणा एकाचं नव्हतं. निर्माता, वार्ताहर, जाहिरातदार, शिकाऊ मुलांच्या वसतिगृहातली मोठी मुलं, सगळ्यांचं मिळून होतं. त्याचा सूड कोणावर उगवायचा? भरपाईसाठी पुढं हजाराच्या आसपास माणसांनी अर्ज केले. त्यांच्यावरही तोच शिव्यांचा पाऊस पडला, जो मालिकेत आकानेवर पडताना पाहून लोक रडले होते. अत्याचाराची तक्रार केलेल्या एका माणसानं २०२३ च्या शरदात जीव दिला.

२०२५ च्या सुरुवातीला, चित्रपट अजून जपानच्या चित्रपटगृहांत चालू असतानाच, फुजी टीव्हीवर पाळी आली. स्मॅपच्या त्या ओळीतलेच मासाहिरो नाकाई आणि एक तरुणी यांच्यातलं प्रकरण वाहिनीनं दीड वर्ष कसं हाताळलं, हे बाहेर आलं. जाहिरातदार एकामागून एक निघून गेले. त्यांच्या वेळात समाजहिताच्या त्याच त्या फिती फिरत राहिल्या. २७ जानेवारीची पत्रकार परिषद दुपारी सुरू झाली ती मध्यरात्र उलटून दोन-अडीचला संपली. ३१ मार्चला त्रयस्थ समितीनं निष्कर्ष दिला की झाली ती लैंगिक हिंसा होती आणि ती कामाच्याच ओघात घडली. नाकाई यांच्या वकिलांनी पुढं 'लैंगिक हिंसा' हा शब्द अमान्य केला. त्या अहवालाची पानं वाचताना मला दिसली ती जेवणाची आमंत्रणं, वरिष्ठांची मर्जी, आणि 'तिचं भलं पाहून' गप्प बसलेले साहेब. सोन्ताकु.

तरीही या दहा वर्षांत जेवढं हललं तेवढं आधीच्या शंभरात हललं नव्हतं, हे मी मनापासून मानतो. आणि ते हललं ते कथेमुळे नाही. २०१८ मध्ये स्पर्धा आयोगाच्या तज्ज्ञ-समितीनं म्हटलं की कलाकाराला जिमुशो बदलू न देणं मक्तेदारीविरोधी कायद्यात बसू शकतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुक्त-व्यावसायिकांच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला. त्याच डिसेंबरात आयोगानं जिमुशोंच्या करारांची छाननी करून अहवाल काढला, आणि सोडून जाणाऱ्याला त्याचं नाव वापरू न देण्याची रीत त्यात स्वतंत्र मुद्दा म्हणून आली. या प्रत्येक कागदामागं कोणीतरी नाव सांगून, तोंड उघडं ठेवून बोललेलं आहे. ओकामोतो बोलला. क्योको किमुरा बोलल्या. त्यांच्यावर अजून कोणी मालिका काढलेली नाही, आणि काढली तर त्यांना विचारून काढावी.

एप्रिल २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर एक जपानी चित्रपट आला. १९७५ च्या जुन्या बुलेट ट्रेनच्या थरारपटाचा नवा अवतार. गाडीत बॉम्ब आहे, वेग कमी केला की स्फोट होणार. डब्यातून प्रवाशांना धीर देत फिरणारा कंडक्टर आहे त्सुयोशी कुसानागी. गणवेश चोपून बसवलेला, खांदे सरळ. आणि पुढं चालक-कक्षात, नजर रुळांवर, हात वेगाच्या दांड्यावर ठेवून बसलेली चालक आहे ती 'आमाचान'मधली नात. श्रेयनामावली वर सरकते. तिथं तिचं नाव येतं, हिरागाना या जपानी लिपीतली दोन अक्षरं: नोन.